हरण्या, बोंडअळी आणि लग्नपत्रिकेची फाइल

श्रावणात कानबाईच्या रोटांची तयारी सुरू झाली, की खानदेशातले भावकीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. कोण कधी येणार, सुरतेकडची मंडळी कोणत्या गाडीने निघणार, दळणाचं कोण बघणार, सगळं तिथेच ठरतं. लग्नसराईत हेच ग्रुप पत्रिकांनी भरून जातात. अलीकडच्या काही वर्षांत या पत्रिकांच्या रांगेत एक वेगळीच फाइल येऊ लागली आहे. तिचं नाव ‘लग्नपत्रिका’ असतं, पण शेपटाला ‘एपीके’ ही अक्षरं असतात. खरी पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचं अ‍ॅप. तीच फाइल कधी आरटीओच्या चलनाचं नाव घेऊन येते, कधी पीएम किसानच्या हप्त्याचं, कधी बँकेच्या केवायसीचं. ती बसवली आणि तिने मागितलेल्या परवानग्या दिल्या, की फोनवर येणारे एसएमएस तिला वाचता येतात आणि बँकेचा ओटीपी परस्पर तिसऱ्याच्या हातात पडतो. पैसे तर जातातच. पण अनेकदा त्याच माणसाचं व्हॉट्सअ‍ॅपही ताब्यात जातं आणि तीच फाइल त्याच्या नावाने त्याच्या सगळ्या ग्रुपांवर सुटते. पाठवणाऱ्याचं नाव शालकाचं किंवा मामाचं दिसतं, म्हणून समोरचा ती बिनधास्त उघडतो.

अशी फाइल ओळखायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ती उघडून आत काय दडलंय ते तपासायचं. दुसरा म्हणजे ती कशी पळते ते बघायचं: किती वेळात किती जणांकडे गेली, आणि जिथे पोचली त्या फोनने लगेच तीच पुढे ढकलली का. पहिल्या मार्गात आपलं पत्र उघडलं जातं. दुसऱ्यात पत्र बंदच राहतं, पण कुणी कुणाला केव्हा काय धाडलं याची वही तयार होते. ही वही कुणी लिहावी, त्यात काय असावं आणि ती किती दिवस ठेवावी, यावर जगभर पंचवीस वर्षं झगडा चालू आहे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रयोगाला ज्या घटनांनी चालना दिली, त्यातली अत्यंत भीषण घटना धुळे जिल्ह्यात घडली. तिच्याकडे येतोच.

पहिला मार्ग आपल्या ओळखीचा आहे. १९९० च्या दशकात फ्लॉपीवरून व्हायरस फिरायचे, तेव्हा पुण्यात कैलाश आणि संजय काटकर या भावांनी अँटिव्हायरसचं काम सुरू केलं आणि त्यातूनच क्विक हील उभी राहिली. प्रत्येक व्हायरसच्या अंगावरची एखादी कायमची खूण शोधायची, खुणांची यादी करायची आणि प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून बघायची, ही तेव्हाची मूळ पद्धत. पण खूण बदलली की यादी आंधळी होते, आणि आजचे मालवेअर लिहिणारे दर खेपेला फाइलचं रूप थोडं बदलून सोडतात. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलं होतं, की प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखेल असा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही. म्हणून नजर रोगाच्या रूपावरून त्याच्या चालीकडे वळली.

खानदेशातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. कपाशीतली गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, आणि बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. प्रत्येक बोंड फोडून बघायचं तर पीकच हातचं जाईल. म्हणून हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतात आणि रोज त्यात अडकलेले पतंग मोजतात. सलग तीन दिवस सापळ्यामागे सरासरी आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ झाली. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर हरण्या येतो. कृषी खात्याच्या पत्रकात त्याला सीएमव्ही म्हणतात. तो विषाणू डोळ्यांना दिसत नाही. पानावरचे पिवळसर पट्टे दिसतात तेव्हा तो आत शिरलेला असतो. मावा त्याला झाडावरून झाडावर नेतो. शेतकरी चार-पाच दिवसांनी बागेत फेरी मारतो, कोणतं झाड आधी गेलं, कोणतं मागून, लागण बांधाकडून आली की मधूनच उठली, याचा नकाशा डोक्यात धरतो आणि रोगट झाड मुळासकट काढून नष्ट करतो. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबला तर बाग उरत नाही.

संगणकांच्या जगात हा विचार १९९१ मध्ये नीट मांडला गेला. आयबीएमच्या जेफ्री केफार्ट आणि स्टीव्ह व्हाइट यांनी माणसांच्या साथींचं गणित व्हायरसांना लावलं. दहा वर्षांनी त्याची गरज सगळ्यांना पटली. १९ जुलै २००१ रोजी ‘कोड रेड’ नावाच्या किड्याने, म्हणजे आपणहून पसरत जाणाऱ्या प्रोग्रॅमने, चौदा तासांच्या आत सुमारे ३,५९,००० संगणक गाठले. २५ जानेवारी २००३ च्या ‘स्लॅमर’ने तर श्वास घ्यायलाही वेळ दिला नाही. अवघ्या ३७६ बाइटांचा तो किडा सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होता, आणि ज्यांना लागण होऊ शकत होती अशांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संगणक त्याने दहा मिनिटांत धरले. माणूस फोन उचलून दुसऱ्याला सावध करेपर्यंत साथ संपलेली होती.

या काळातल्या दोन कल्पना मला आजही अतिशय मोलाच्या वाटतात. पहिली सापळ्याची. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांकडे इंटरनेटच्या पत्त्यांचा एक प्रचंड रिकामा पट्टा होता, एकूण पत्त्यांच्या २५६ व्या भागाएवढा. तिथे कुणीच राहत नव्हतं, त्यामुळे तिथे कुणी पत्र पाठवायचं कारणच नव्हतं. तरीही पत्रं येऊ लागली, तर ती वाट्टेल त्या दारावर टकटक करत सुटलेल्या किड्यांचीच असणार. कोड रेडची मोजदाद याच रिकाम्या शिवारात झाली. कुणाचा मजकूर वाचला नाही, कुणाच्या मैत्रीची नोंद केली नाही. कामगंध सापळा पतंग धरतो, शेजारच्या घरात डोकावत नाही, तसंच.

दुसरी कल्पना लगामाची. एचपीच्या प्रयोगशाळेतल्या मॅथ्यू विल्यमसन यांनी २००२ मध्ये दाखवलं, की साधा संगणक एका सेकंदात फार तर एखाद-दुसऱ्या नव्या संगणकाशी बोलतो, किडा मात्र शेकडोंशी. मग किडा कोणता हे ओळखायची गरजच काय? नव्या ओळखी करायचा वेगच आवरून धरा. साध्या वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही, किडा मात्र रांगेत अडकतो. यात कुणावर आरोप होत नाही आणि कसली यादीही तयार होत नाही.

२००४ मध्ये त्याच सॅन दिएगोच्या गटाने ‘अर्लीबर्ड’ ही यंत्रणा मांडली. तिच्या कर्त्यांमध्ये आयआयटी मुंबईत शिकलेले जॉर्ज वर्गीसही होते. एकच मजकूर वारंवार दिसतोय आणि तो अनेक ठिकाणांहून अनेक ठिकाणी चाललाय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती इशारा देई. पण बिटटोरंटवरचं वाटप आणि घाऊक जाणारी ई-मेल यांनाही तिने साथ समजून हात घातला. ही चूक ध्यानात ठेवावी. लग्नपत्रिकेच्या प्रश्नात ती पुन्हा भेटणार आहे.

जुना किडा आंधळेपणाने पत्ते निवडत होता, म्हणून रिकाम्या शिवारात सापडला. आजची फाइल तशी चालत नाही. ती फोनबुकातून चालते. २०२१ मध्ये युरोपभर पसरलेल्या ‘फ्लूबॉट’ने हेच केलं: कुरिअरच्या नावाने एसएमएस पाठवला, फोनमधले नंबर चोरले आणि पुढच्यांना संदेश धाडले. अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून २०२२ मध्ये तो बंद पाडला. ब्राझीलमध्ये २०२५ साली व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून स्वतःला पाठवत जाणारं मालवेअर सापडलं. अशा साथीत रिकामं शिवार नसतं. तिची प्रत्येक पायवाट कुणाच्या तरी नात्याची असते. तिला बघायचं म्हणजे माणसांना बघावं लागतं, आणि खरा पेच तिथेच सुरू होतो.

आता राईनपाडा. साक्री तालुक्यातलं हे आदिवासी पट्ट्यातलं गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा कित्येक दिवस फोनाफोनांतून वाहत होती. जमावाने त्या पाचांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि ठार मारलं. त्यांचा अपराध एवढाच, की ते परगावचे होते. हे लिहिताना आजही हात जड होतो.

त्या उन्हाळ्यात अशा हत्या देशात इतरत्रही झाल्या होत्या. राईनपाड्यानंतर दोनच दिवसांत केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला जाब विचारला. व्हॉट्सअ‍ॅपला मजकूर वाचता येत नव्हता, कारण २०१६ पासून प्रत्येक संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. त्यामुळे अफवा कोणती आणि खरी बातमी कोणती, हे कंपनीला ठरवता येणार नव्हतं. उरला एकच धागा, पसरण्याचा. जुलै २०१८ मध्येच ‘फॉरवर्डेड’ ही खूण आली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. त्याआधी हाच आकडा अडीचशेच्या घरात होता. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या संदेशाला दुहेरी बाण मिळाला, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं.

यातली मोजणीची युक्ती बघण्यासारखी आहे. किती हातांतून आला याचा आकडा संदेशासोबतच कुलपात बंद होऊन प्रवास करतो. तो आपल्या फोनला कळतो, कंपनीला कळत नाही. कुणाच्या हातांतून आला, हे त्यात नसतंच. विल्यमसनच्या लगामाचंच हे कोट्यवधी माणसांवर चाललेलं रूप आहे. पाच जीव गेल्यावर ते सुचावं याचं दुःख आहे. पण साथ मोजायची आणि नावं मोजायची नाहीत, याचा याहून मोठा दाखला माझ्या माहितीत नाही.

मालवेअरला मात्र हा लगाम पुरा पडत नाही. अफवा माणूस फॉरवर्ड करतो. मालवेअर फॉरवर्डचं बटण दाबत नाही, ते प्रत्येकाला नवी कोरी फाइल पाठवतं, आणि आकडा शून्यावरच राहतो. तिथे कंपनी खात्याच्या वागण्याकडे बघते. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलं, की दर महिन्याला वीस लाखांहून जास्त खाती बंद होतात, आणि त्यातली ७५ टक्क्यांहून जास्त कुणी ताजी तक्रार केलेली नसतानाच. पाच मिनिटांपूर्वी उघडलेलं खातं पंधरा सेकंदांत शंभर संदेश पाठवू लागलं, तर आत काय आहे ते न बघताही समजतं. पण मामाचं खातं दहा वर्षांचं जुनं असतं. त्यावर अचानक वादळ उठलं तर ते मालवेअरचं, की मुलीचं लग्न ठरल्याचं?

कारण लग्नपत्रिका स्वतःच एक साथ आहे. खानदेशात एका दुपारी चारशे जणांना पत्रिका जाते, त्यातले शंभर जण ती पुढे पाठवतात, आणि कुणाचंही काही चुकलेलं नसतं. नुसत्या वेगावरून पकडायला गेलं तर काय होतं, याचा हिशेब करून बघू. समजा दहा लाख फाइली फिरताहेत आणि त्यातल्या शंभर घातक आहेत. तपासणी ९९ टक्के बिनचूक आहे, म्हणजे शंभरातल्या ९९ सापडल्या. पण उरलेल्या निर्दोष फाइलींपैकीही एक टक्का, म्हणजे जवळपास दहा हजार, संशयित ठरल्या. एका खऱ्या चोरामागे शंभर भल्या माणसांच्या दारात पोलीस. म्हणून पसरण्याचा वेग एकटा कधीच पुरत नाही. त्याला जोड लागते: फाइलचा प्रकार एपीके आहे का, ती अ‍ॅपच्या अधिकृत दुकानाबाहेरची आहे का, बसल्याबसल्या ती एसएमएस वाचायची परवानगी मागते का. या तिन्ही गोष्टी फोनलाच, फोनच्या आतच कळू शकतात. बाहेर कुणाला काहीही सांगावं लागत नाही.

आणि बाहेर सांगितलंच, तर? पसरण्याचा नकाशा निरुपद्रवी वाटतो, कारण त्यात मजकूर नसतो. पण कोणती बाई रात्री वारंवार महिला हेल्पलाइनला फोन लावते, कोणता तरुण दुसऱ्या जातीतल्या मुलीशी रोज तासभर बोलतो, कोणता कर्मचारी पत्रकाराला भेटण्याआधी कुणाला संदेश करतो, हे सगळं त्या नकाशात मजकुराविनाच दिसतं. शहरात माणूस गर्दीत लपतो. दोन हजार वस्तीच्या गावात नाव खोडून क्रमांक दिला तरी दोन रेघांवरून माणूस ओळखू येतो. ‘नावं काढून टाकली आहेत’ हे आश्वासन आपल्याकडे फार लवकर फाटतं.

सरकारची वाट मात्र उलट दिशेने गेली. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांना बांधील केलं, की काही गुन्ह्यांत आदेश आल्यावर संदेशाचा पहिला पाठवणारा ओळखून द्यावा. व्हॉट्सअ‍ॅप मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं, की कुलूप तोडायला लावलं तर व्हॉट्सअ‍ॅप देशातून जाईल. पहिला कोण हे हवं तेव्हा सांगायचं, तर प्रत्येक संदेशाची खूण आधीच जपून ठेवावी लागते. गुन्हा कोणता ठरेल ते आधी कुणाला माहीत? बरं, त्याने मिळणार काय? २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका चित्रफितीचा उगम कराचीत होता. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली ती जनजागृतीची फीत कापून तिचं भलतंच काहीतरी केलं होतं. पहिला पाठवणारा परदेशातला असेल तर भारतातला पहिला तोच मूळ मानावा, असं नियम सांगतो. म्हणजे ती फीत बघून घाबरलेली, आपल्या बहिणीला सावध करणारी एखादी आई कायद्याने मूळ ठरू शकते. मालवेअरच्या बाबतीत हे आणखी अन्यायाचं आहे, कारण तिथे पाठवणारा जवळजवळ नेहमी स्वतःच लुटला गेलेला असतो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांत कळवणं आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणं बंधनकारक केलं. घटना लवकर कळवण्याला माझा मनापासून पाठिंबा आहे, साथीत पहिला तासच महत्त्वाचा असतो. पण साठवलेली नोंद चोरालाही भुरळ घालते. झिम्पेरियम या सुरक्षा कंपनीने २०२५ च्या सुरुवातीला भारतीय बँकग्राहकांना लक्ष्य करणाऱ्या एपीके फाइलींचं एक मोठं जाळं उघड केलं. सुमारे नऊशे नमुने सापडले, आणि चोरांनी सुमारे पन्नास हजार लोकांचे एसएमएस व बँकेचे तपशील कुलूपही न लावता इंटरनेटवर उघडे ठेवले होते. माहिती एका जागी गोळा झाली की ती कधी ना कधी सांडते, मग गोळा करणारा चोर असो की शिपाई. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारी संस्थांना सूट देण्याची मुभा आहे, म्हणून ही काळजी कागदोपत्रीही मिटत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर प्रत्येक नव्या फोनवर सरकारचं संचार साथी अ‍ॅप आधीच बसवण्याचा आदेश निघाला आणि लोकांच्या विरोधानंतर काही दिवसांतच मागे घेतला गेला. अ‍ॅपचा हेतू चांगला असेलही. पण घरात बसवलेला पहारेकरी घरमालकाला काढता आला पाहिजे, एवढी साधी गोष्ट लोकांनी बरोबर ओळखली.

सरकारच्याच कामात एक चांगला नमुनाही आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेलं सायबर स्वच्छता केंद्र लागण झालेल्या यंत्रांचे पत्ते इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला कळवतं आणि ती कंपनी ग्राहकाला कळवते. केंद्राला ग्राहकाचं नाव लागत नाही, कंपनीला त्याचं बोलणं लागत नाही. ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याच्या हातात.

गणितानेही वाटा दिल्या आहेत. संशयास्पद दुव्याचा पूर्ण ठसा न पाठवता त्याचे पहिले चार बाइट पाठवायचे, आणि जुळणारे सगळे ठसे मागवून उरलेली पडताळणी फोनवरच करायची, हे गुगलच्या सेफ ब्राउझिंगमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. दुसरी युक्ती स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये सर्वेक्षणांसाठी मांडलेल्या कल्पनेतून आली. हजार जणांना विचारायचंय, ‘तुम्ही ती फाइल बसवली का?’ प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवावं. छापा पडला तर खरं उत्तर द्यावं. काटा पडला तर पुन्हा उडवावं आणि छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणावं. तीनशे जण ‘हो’ म्हणाले, तर त्यातले सुमारे अडीचशे नुसत्या नाण्याचे. उरलेले पन्नास खरं बोलणाऱ्या पाचशेतले, म्हणजे लागण सुमारे दहा टक्के. तालुक्याचा आकडा मिळाला, आणि कोणत्याही एका माणसाच्या ‘हो’वरून त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. गुगलने २०१४ मध्ये क्रोमसाठी अशीच पद्धत वापरली. अशी मोजणी फोनमध्येच बसवली, तर यावलमध्ये एखादी पत्रिका उसळतेय हे चोपड्याला दुपारपर्यंत कळू शकतं.

माझं म्हणणं असं, की साथ ओळखायला आकडा पुरतो आणि गुन्हेगार पकडायला नाव लागतं. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि ती एकाच वहीत लिहिली की बिघडतात. नाव हवंच असेल तर पोलिसांनी पैशाच्या मागावर जावं. चोरलेली रक्कम कोणत्या ना कोणत्या खात्यात उतरतेच, आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर वेळेत फोन गेला तर ती तिथेच गोठवता येते. त्या वाटेवर चोर भेटतो. फॉरवर्डच्या वाटेवर मामा भेटतो.

आणि मामा घाबरलेला असतो. आपल्या नावाने चारशे घरांत विष गेलं, ही लाज पैसे जाण्याहून मोठी असते. आपल्यालाच आरोपी करतील या भीतीने तो तक्रार लांबवतो, ग्रुपवरही गप्प राहतो, आणि तेवढ्या वेळात फाइल पुढचं गाव गाठते. पाठवणाऱ्याचा माग काढणारी व्यवस्था जितकी कडक होईल, तितकी ही गप्पगिरी वाढेल, अशी मला रास्त भीती वाटते.

आजही भावकीच्या ग्रुपवर ही साथ बहुतेक वेळा एका फोनने ओळखली जाते. कुणीतरी पुतण्या ती फाइल बघतो, त्याला शंका येते, आणि तो सरळ फोन लावून अहिराणीत विचारतो, की मामा, घरात लग्न कुणाचं आहे? मामा म्हणतो, कुणाचंच नाही. मग पुतण्या त्याच्याकडून आधी फोनचं इंटरनेट बंद करून घेतो, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवायला लावतो, आणि स्वतः ग्रुपवर लिहितो: पत्रिका उघडू नका, मामांनी पाठवलेली नाही.